डिझेल पिकअपची इंधनवाहिनी : निगा आणि सुधारणा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेवगाव हा तालुका दळणवळणासाठी सर्वस्वी रस्त्यांवर अवलंबून आहे. तालुक्यातून रेल्वे जात नाही. शेवगावच्या चौकातून एक रस्ता नेवाशाकडे, एक पैठणकडे, एक गेवराईकडे, एक पाथर्डीकडे, तर एक तिसगाव-करंजीमार्गे अहिल्यानगरकडे जातो. कापूस, कांदा, तूर, भाजीपाला, दूध, जनावरांचा चारा, खतांच्या गोण्या, किंबहुना पाण्याच्या टाक्यादेखील याच रस्त्यांवरून ये-जा करतात. या वाहतुकीतील मोठा वाटा आज डिझेलवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाडीने, म्हणजेच पिकअपने उचलला आहे. ज्या शेतकरी कुटुंबात पूर्वी बैलगाडी होती, त्या कुटुंबातील तरुणाने कर्ज काढून पिकअप घेतल्याची उदाहरणे गावोगाव आढळतात. ही गाडी एक दिवस बंद राहिली तर भाडे बुडते. परंतु कर्जाचा हप्ता थांबत नाही.

अशा गाडीच्या बाबतीत एक तक्रार वारंवार ऐकू येते. सपाट रस्त्यावर गाडी उत्तम चालते; परंतु माल भरून करंजीच्या घाटात चढाला लागली की इंजिन अडखळते, ओढ कमी होते आणि एखाद्या वळणावर ते बंदच पडते. थोडा वेळ थांबून हाताने पंप मारला की गाडी पुन्हा सुरू होते. सकाळी पहिल्यांदा सुरू करतानाही बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. मालक आधी फिल्टर बदलतो, नंतर इंजेक्टर तपासून घेतो आणि शेवटी हजारो रुपये खर्चून इंजेक्शन पंप उतरवितो. दोष मात्र तसाच राहतो. कारण तो टाकीपासून पंपापर्यंत डिझेल आणणाऱ्या, चासीखाली लपलेल्या हातभर लांबीच्या रबरी नळीत असू शकतो. ही नळी कोठे थेंबभरही गळत नसल्यामुळे तिच्यावर कोणाचा संशयच जात नाही.

न गळणारी इंधनवाहिनी निर्दोष असतेच असे नाही. डिझेल गाडीच्या इंधनव्यवस्थेतील ही गोष्ट नीट समजून घेतली, तर वाहिनीत कोणती सुधारणा करावी आणि कोणती करू नये, हे आपोआप स्पष्ट होते.

शेतातील इंजिन आणि रस्त्यावरील गाडी

गोदावरीकाठच्या शेतकऱ्यांना डिझेल इंजिन नवे नाही. १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पूर्ण होऊन नाथसागराचे पाणी तालुक्याच्या सीमेवर आले. त्याच्याही आधीपासून विहिरींवर आणि नदीकाठी पाणी उपसण्यासाठी तेलावर चालणारी इंजिने होती. टाकी रिकामी झाली की 'इंजिनाने हवा धरली' असे म्हणत स्क्रू सैल करून हवा काढणारी शेतकऱ्यांची एक पिढी येथे होऊन गेली.

शेतातील इंजिन आणि पिकअप यांच्यात एक महत्त्वाचा भेद आहे. विहिरीवरील इंजिनाची टाकी सामान्यतः इंजिनाच्या वर बसविलेली असते. डिझेल आपल्या वजनाने खाली उतरते. त्यामुळे नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर ठिबकते आणि जमिनीवरील डाग पाहून दोष कळतो. पिकअपची टाकी मात्र चासीच्या बाजूला, इंजिनापेक्षा खालच्या पातळीवर असते. तेथून डिझेल वर ओढून आणावे लागते. ज्या नळीतून डिझेल ओढले जाते, तिच्या आतील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. अशा नळीला बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही; बाहेरची हवा आत जाते. उसाच्या रसात बुडविलेल्या नळीला मधेच छिद्र असल्यास रस ओठापर्यंत येत नाही आणि नळीही गळत नाही, तसाच हा प्रकार होय.

इंधनाचा मार्ग

पिकअपमधील इंधनव्यवस्थेचे चार भाग पडतात. पहिला भाग ओढीचा. टाकीतील जाळीपासून चासीलगतची पोलादी नळी, तिला जोडलेल्या रबरी नळ्या आणि पाणी वेगळे करणारे भांडे या मार्गाने डिझेल फीड पंपापर्यंत येते. दुसरा भाग कमी दाबाचा. फीड पंप डिझेल फिल्टरमधून इंजेक्शन पंपाकडे ढकलतो. तिसरा भाग उच्च दाबाचा. इंजेक्शन पंपापासून प्रत्येक इंजेक्टरपर्यंत जाड कवचाची व बारीक छिद्राची पोलादी नळी असते. चौथा भाग परतीचा. पंपातील व इंजेक्टरमधील जादा डिझेल याच मार्गाने टाकीत परत जाते.

काही गाड्यांत, विशेषतः फिरत्या पद्धतीचा इंजेक्शन पंप असलेल्या जुन्या गाड्यांत, स्वतंत्र फीड पंप नसतो. इंजेक्शन पंपाच्या आत बसविलेला छोटा पंपच टाकीपासून डिझेल ओढतो. अशा गाडीत फिल्टरसुद्धा ओढीच्या भागात येतो आणि फिल्टरच्या वरच्या सीलमधून किंवा हाताने दाबण्याच्या प्रायमरमधूनही हवा आत शिरू शकते. आपल्या गाडीत ओढीचा भाग कोठे संपतो व ढकलण्याचा भाग कोठे सुरू होतो, हे प्रत्येक चालकाने मिस्त्रीकडून एकदा समजून घेतले पाहिजे.

एका बुडबुड्याची किंमत

हवेचा बुडबुडा एवढा घातक का, याचे उत्तर मापात आहे. सुमारे अडीच लिटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन पूर्ण भाराखाली चालताना एका सिलिंडरात एका वेळी साधारणपणे ४० ते ५० घन मिलिमीटर डिझेल फवारले जाते. हे प्रमाण डिझेलच्या एक-दीड थेंबाएवढे आहे. ज्वारीच्या एका दाण्याचे आकारमान याच्या जवळपास भरते. म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा पंपात पोहोचला तर जवळजवळ एक संपूर्ण फवारा हुकतो.

जुन्या पद्धतीच्या इंजिनात इंजेक्टर उघडण्यासाठी सुमारे १०० ते २५० बार दाब लागतो. डिझेल दाबाखाली फारसे आकुंचन पावत नाही, म्हणून पंपाचा दाब तात्काळ इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दबते. पंपाचा दट्ट्या पुढे सरकतो, बुडबुडा लहान होतो. परंतु इंजेक्टर उघडत नाही. त्या वेळी सिलिंडर 'चुकतो'. सपाट रस्त्यावर इंजिनाला कमी डिझेल लागते, ओढ कमी असते आणि थोडी हवा परतीच्या मार्गाने निघूनही जाते. घाटात प्रवाह वाढतो, ओढ वाढते आणि त्याच चिरेतून अधिक हवा शिरते. दोष चढावरच प्रकट होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. रात्रभर गाडी उभी राहिली असता त्याच चिरेतून हवा शिरून नळीतील डिझेल टाकीकडे उतरते, म्हणून सकाळी स्टार्टर जास्त वेळ मारावा लागतो.

फिरत्या पद्धतीच्या पंपाचे आतील भाग डिझेलनेच वंगण पावतात. त्यात सतत हवा जाऊ लागल्यास ते भाग लवकर झिजतात. स्वस्त नळीकडे केलेले दुर्लक्ष शेवटी महागड्या पंपावर येते ते असे.

नळ्या का खराब होतात

रबराचे शत्रू अनेक आहेत. इंजिनाची उष्णता, उन्हाळ्यातील ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणारे तापमान, कच्च्या रस्त्यावरील हादरे, धूळ आणि वय या सर्वांचा परिणाम होऊन रबर कडक होते. नळीचे टोक पोलादी निपलवर घट्ट बसेनासे होते. अशी नळी वाकविली असता तिच्या पाठीवर बारीक भेगा दिसतात.

याला इंधनातील बदलाचीही जोड मिळाली आहे. देशभरातील डिझेलमधील गंधकाचे कमाल प्रमाण २०१० मध्ये दशलक्ष भागांत ३५० भाग, १ एप्रिल २०१७ पासून ५० भाग आणि १ एप्रिल २०२० पासून अवघे १० भाग असे उतरविण्यात आले. हवेच्या शुद्धतेच्या दृष्टीने हा बदल अत्यंत हितकारक आहे. तथापि, गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील सुवासिक गटातील काही संयुगेही कमी होऊ शकतात. जुन्या गाड्यांतील नायट्राइल रबर हीच संयुगे शोषून किंचित फुगलेले असते व त्यामुळे सांधा घट्ट राहतो. नव्या डिझेलमध्ये असे जुने रबर पुन्हा आकसू शकते. १९९३ मध्ये अमेरिकेत कमी गंधकाचे डिझेल सक्तीचे झाले, तेव्हा जुन्या वाहनांच्या पंपांतील सीलमधून गळती होत असल्याच्या तक्रारी तेथे आल्या होत्या. वर्षानुवर्षे न बदललेली नळी आणि सील यांच्याकडे आज अधिक लक्ष द्यावे लागते, त्याचे हेही एक कारण आहे.

पुढील काळाचाही विचार करावयास हवा. केंद्र शासनाच्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. जैवडिझेल नैसर्गिक रबराला व काही प्रकारच्या नायट्राइल रबराला मानवत नाही. फ्लुओरोरबराचा आतील थर असलेली नळी या दोन्ही इंधनांत उत्तम टिकते. म्हणून नळी बदलावयाचीच असेल तर ती चांगल्या प्रतीची घेणे शहाणपणाचे ठरते.

दोष शोधण्याची रीत

सुटे भाग बदलण्यापूर्वी दोष कोठे आहे, हे निश्चित करावे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत.

सर्वप्रथम टाकीचे झाकण पाहावे. टाकीतील डिझेल कमी होत असता तेवढी हवा आत येण्यासाठी श्वासमार्ग असतो. तो धुळीने बंद झाल्यास टाकीत निर्वात निर्माण होतो व इंजिन त्याच रीतीने बंद पडते. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताच 'सूं' असा आवाज होऊन ती सुरू झाली, तर नळीऐवजी झाकणाकडे लक्ष द्यावे.

दुसरी कसोटी पारदर्शक नळीची. इंजेक्शन पंपाच्या प्रवेशद्वारापूर्वी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडून इंजिन चालवावे. सुरुवातीचे बुडबुडे निघून गेल्यावरही ते येतच राहिले तर हवा मागील भागातून येत आहे, हे निश्चित समजावे. मग जोड एकेक करून मागे सरकवीत जावे. ज्या सांध्याच्या पुढे बुडबुडे दिसतात व मागे दिसत नाहीत, तेथे दोष असतो. चाचणी संपताच पारदर्शक नळी काढून टाकावी. ती कायमची ठेवण्याजोगी नसते.

तिसरी कसोटी डब्याची. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनापेक्षा किंचित उंच, सायलेन्सरच्या नळीपासून दूर व घट्ट बांधून ठेवावा. पंपाची प्रवेशनळी व परतीची नळी दोन्ही त्याच डब्यात सोडाव्यात. अशा स्थितीत इंजिन सुरळीत चालले तर टाकीपासून पंपापर्यंतच्या वाहिनीत दोष आहे. तसे न झाल्यास पंप व इंजेक्टर यांची तपासणी करावी. ही चाचणी गाडी उभी असतानाच करावयाची आहे. डबा बांधून गाडी रस्त्यावर नेऊ नये.

परतीच्या बारीक नळ्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. इंजेक्टरांवरून जाणारी सुतळीच्या विणीची नळी उष्णतेने कुजते. तेथून डिझेल इंजिनावर ठिबकते आणि गाडी थांबल्यावर त्याच मार्गाने हवा आत शिरून वाहिनी रिकामी होऊ शकते.

सुधारणा कशाला म्हणावे

जास्त जाड किंवा जास्त रुंद नळी बसविली म्हणजे गाडीची ताकद वाढते, असा एक समज आहे. तो हिशेबाने तपासून पाहू. पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने, लिटरला १२ किलोमीटर या दराने धावत असेल, तर ताशी ५ लिटर डिझेल जळते. परतीचे डिझेल धरून वाहिनीतून ताशी ४० लिटर डिझेल वाहते असे मानले, तरी सेकंदाला सुमारे ११ मिलिलिटर एवढेच होते. ८ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीतून एवढा प्रवाह सेकंदाला २२ सेंटिमीटर अशा संथ गतीने सहज जातो. रुंद नळीने काहीही लाभ होत नाही. उलट ती निपलवर सैल बसते आणि क्लिप कितीही आवळली तरी हवा धरते. म्हणून मूळ मापाचीच नळी वापरावी. सुधारणा करावयाची ती द्रव्यात, जोडात आणि मार्गात.

द्रव्य : हवेची, पाण्याची किंवा स्प्रेपंपाची नळी डिझेलसाठी कदापि वापरू नये. इंधनासाठीच बनविलेली, त्यावर प्रमाणाची व उत्पादनाच्या तारखेची छपाई असलेली नळी घ्यावी. एसएई जे-३० आर-९ या प्रमाणाच्या नळीत आतील थर फ्लुओरोरबराचा असतो व ती नेहमीच्या कमी दाबाच्या मार्गासाठी पुरेशी बळकट असते. चासीलगतची सलग वाहिनी पोलादी असावी, अथवा कारखान्याने दिली असेल त्या प्रकारच्या नायलॉनची असावी. तांब्याची नळी वाकविण्यास सोपी म्हणून काही ठिकाणी बसविली जाते. परंतु तांब्याच्या संपर्काने डिझेल लवकर बिघडून चिकट पदार्थ तयार होतात आणि हादऱ्यांनी तांबे कडक होऊन सांध्यापाशी तडकते. आतून जस्ताचा मुलामा असलेली नळी किंवा भांडेही वर्ज्य समजावे. जस्त डिझेलशी संयोग पावून त्याचे साबणासारखे क्षार इंजेक्टरच्या छिद्रांत बसतात.

जोड : बांधणीच्या तारेने पिळलेली नळी हे गावाकडील गॅरेजांत नेहमी दिसणारे दृश्य आहे. तार एका रेषेवर रबर कापते आणि उरलेल्या परिघावर सैल राहते. साध्या पट्टीच्या क्लिपांच्या खाचाही मऊ रबरात रुततात. कडा वळविलेली, आतून गुळगुळीत व सर्व बाजूंनी सारखा दाब देणारी क्लिप वापरावी. निपलच्या टोकाला फुगवटा असावा, नळी त्यावर सुमारे २५ मिलिमीटर चढावी आणि क्लिप फुगवट्याच्या मागे बसावी. बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे टाकावेत. जुने वायसर दाबाने कडक झालेले असते. ते पुन्हा घट्ट बसत नाही. एवढ्या लहान वायसरमधील तांब्याने डिझेल बिघडण्याची भीती नसते.

मार्ग : नळी सायलेन्सरच्या नळीपासून शक्यतो १० सेंटिमीटरहून अधिक अंतरावर असावी, ते शक्य नसल्यास मधे पत्र्याचा आडोसा द्यावा. फिरणारा प्रोपेलर शाफ्ट, बॅटरीच्या तारा आणि ब्रेकच्या नळ्या यांच्याशी ती बांधू नये. चासीच्या छिद्रातून जाताना रबरी बुश असावा. दर ३० ते ४५ सेंटिमीटरवर आधार द्यावा. इंजिन आपल्या रबरी पायांवर हलते, म्हणून चासी व इंजिन यांमधील नळीला थोडी सैल लांबी ठेवावी. वळण एवढे आवळून घेऊ नये की नळी चपटी होईल.

काम करताना

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, इंजिन थंड होऊ द्यावे व बॅटरीची ऋण तार सोडावी. आजूबाजूचा भाग धुऊन पुसून घ्यावा. इंजेक्शन पंपातील फटी एवढ्या बारीक असतात की डोळ्यांना न दिसणारा धूलिकणही तेथे ओरखडा पाडतो. सोडलेले प्रत्येक तोंड स्वच्छ प्लॅस्टिकने बंद करावे. सुती चिंधी कोंबू नये, कारण तिचे धागे आत जातात. जुनी नळी काढण्यापूर्वी जाणारी व परतीची अशा दोन रंगांच्या खुणा कराव्यात. या दोन नळ्यांची अदलाबदल झाल्यास गाडी सुरू होत नाही किंवा परतीच्या मार्गात नको तेवढा दाब येतो.

नवी नळी धारदार पात्याने सरळ कापावी. करवतीने कापल्यास रबराचा भुसा आत राहतो. कापल्यावर स्वच्छ हवेने ती झटकावी. टाकी उतरविली असेल तर तळातील गाळ व पाणी काढून टाकावे. डिझेल ठेवलेल्या रिकाम्या टाकीला वेल्डिंग करणे हे प्राणघातक धाडस होय. काढलेले डिझेल झाकणाच्या डब्यात साठवावे. ते जमिनीवर किंवा ओढ्यात सोडू नये.

सर्व जोड आवळल्यावर हवा काढण्याचे काम सुरू होते. फिल्टरवरील स्क्रू सैल करून प्रायमर दाबत राहावे. फेसाळ डिझेल येणे थांबून सलग धार येऊ लागली की स्क्रू आवळावा. नंतर इंजेक्शन पंपाच्या स्क्रूपाशी हेच करावे. स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांहून अधिक मारू नये. मधे अर्धा मिनिट विश्रांती द्यावी. गाडी सुरू झाल्यावर प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा. १०० किलोमीटर चालल्यानंतर क्लिपा पुन्हा तपासाव्यात. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे होते. रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू झाली, तर ओढीची वाहिनी हवाबंद झाली असे समजावे.

येथे थांबावे

उच्च दाबाच्या पोलादी नळ्यांत घरगुती सुधारणेला वाव नाही. त्यांची लांबी व आतील छिद्र ठरावीक असते. त्यात बदल झाल्यास फवाऱ्याची वेळ बदलते. अशी नळी वाकवू नये, झाळू नये व कापून जोडू नये. ती खराब झाल्यास त्याच मॉडेलची नवी बसवावी.

कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत हा इशारा अधिकच लागू पडतो. तेथे रेलमधील दाब १,००० बारच्या पुढे, अनेकदा १,६०० बारपर्यंत व त्याहूनही वर जातो. जुन्या इंजिनात इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढण्याची जी पद्धत होती, ती या गाड्यांत कदापि वापरू नये. बारीक छिद्रातून सुटलेली धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही. परंतु आतील मांस सडू लागते व बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असा अपघात झाल्यास एक क्षणही न दवडता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे व 'दाबाखालचे डिझेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगावे. गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. या गाड्यांच्या कमी दाबाच्या मार्गातही कारखान्याने दिलेल्याच नळ्या व जोड वापरावेत.

आगीचा धोका

डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेटत नाही, म्हणून त्याच्या गळतीकडे कानाडोळा केला जातो. परंतु भारतीय मानकानुसार डिझेलचा प्रज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस एवढाच असणे आवश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत शेवगावच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीतील डिझेल याहून अधिक तापलेले असू शकते. इंजिनाच्या धुराच्या नळीचे तापमान तर चढावर कित्येक शे अंशांपर्यंत पोहोचते. त्यावर पडणारी डिझेलची बारीक फवार ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते. पाठीमागे कापूस किंवा कडबा भरलेला असेल तर काय होईल, हे सांगावयास नको. चालकाच्या हाताशी कोरड्या भुकटीचे अग्निशामक असावे. पेटलेल्या डिझेलवर पाणी मारू नये, ज्वाळा पसरतात.

बचतीचा हिशेब

डिझेलचे ३० थेंब मिळून एक मिलिलिटर होते असे धरू. परतीच्या नळीतून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला १२० मिलिलिटर, आठ तासांच्या दिवसाला ९६० मिलिलिटर आणि ३०० दिवसांच्या वर्षाला २८८ लिटर डिझेल वाया जाते. लिटरला १२ किलोमीटर या दराने हे इंधन ३,४५६ किलोमीटर अंतराचे आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा फार मोठा भाग आयात करावा लागतो. इंधनाच्या काटकसरीचा प्रसार करण्यासाठी १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थेची स्थापना झाली, तेव्हापासून थेंब वाचविण्याचा जो आग्रह धरला जात आहे, त्यामागे हाच साधा गुणाकार आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनासाठी ते दोन वर्षांचे, तर त्यानंतर एक वर्षाचे असते. त्या तपासणीच्या आधी इंधनवाहिनी पाहण्याचा नेम ठेवल्यास वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. मूळ मापाच्या व योग्य प्रतीच्या नळ्या बसविणे ही निगा होय. परंतु जादा टाकी जोडणे किंवा मूळ रचना बदलणे यासाठी अधिनियमाच्या कलम ५२ चे निर्बंध लागू होतात, हे विसरू नये.

ज्या तरुणांना हे काम शास्त्रशुद्ध शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. गावातील अनुभवी मिस्त्रीचा हात आणि संस्थेत शिकलेल्या तरुणाची मापाची दृष्टी एकत्र आली, तर तालुक्याच्या ठिकाणी उत्तम सेवा उभी राहू शकते.

चालकांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. सकाळी गाडी उशिरा सुरू होणे व चढावर अडखळणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसल्यास प्रथम ओढीची वाहिनी तपासावी.

२. पंप किंवा इंजेक्टर उतरविण्यापूर्वी पारदर्शक नळीची व डब्याची कसोटी घ्यावी.

३. रबरी नळ्या पाच वर्षांनी, किंवा भेगा व कडकपणा दिसताच त्याआधी बदलाव्यात; एक फुटली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत.

४. पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यातील पाणी नियमाने, पावसाळ्यात अधिक वेळा सोडावे.

५. उच्च दाबाच्या नळ्यांना हात लावू नये.

६. बदललेल्या नळीची तारीख व किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत.

पिकअपचा मालक टायर, तेल आणि ब्रेक यांची काळजी घेतो, कारण ते त्याच्या डोळ्यांसमोर असतात. चासीखालची नळी दिसत नाही. वर्षातून एकदा गाडीखाली वाकून ती पाहण्यासाठी पाव तास खर्च केला, तर कांद्याच्या गोण्या भरून पहाटे निघालेली गाडी घाटात न थांबता वेळेवर बाजारात पोहोचेल.